उशीचं तोंड दाराकडे

"पलंग आवरणं वेगळं आणि पलंग लावणं वेगळं," डब्याचं झाकण काढता काढता घडीमास्तरांनी जाहीर केलं. "आवरतात काय, सगळेच. लावणारा एखादाच. आणि खोटं कशाला सांगू, आमच्या हिला ते मनापासून आवडतं."

छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात जेवणाची सुट्टी चालली होती. एकीकडे न शिवलेल्या पुस्तकांचे गठ्ठे, दुसरीकडे खळीचा डबा आणि मधल्या जागेत मांडी घालून बसलेली मंडळी. घडीमास्तर हे नाव त्यांना याच खोलीत पडलं. छापून आलेल्या भल्यामोठ्या कागदाला ते अशी घडी घालायचे, की कडेला कड आणि कोपऱ्याला कोपरा. दुसऱ्या कुणाच्या घडीत केसाएवढा फरक दिसला तर तो कागद त्याच्या तोंडासमोर उलगडायचा आणि एक अक्षर न बोलता नीट घालून द्यायचा, ही त्यांची पद्धत. खात्यात त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पुस्तकं सरळ निघत होती, मालक खूश होता. पंचाईत एवढीच होती की मास्तर ही पद्धत रोज संध्याकाळी घरी घेऊन जायचे.

"वहिनींना आवडतं, हे तुम्हाला कसं कळलं?" प्रूफं तपासणाऱ्या गुरुजींनी विचारलं. जिथे तिथे चूक शोधायची गुरुजींना सवयच होती.

"कसं म्हणजे? इतकी वर्षं झाली, कधी हूं की चूं केलं नाही तिने."

"पण विचारलंत का कधी?"

"त्यात विचारायचं काय?" मास्तर हसले आणि जेवायला लागले.

आता गंमत बघा. त्याच दिवशी सकाळी मास्तरांची बायको आपल्या बहिणीकडे निघाली होती. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला उठता-बसता येत नव्हतं, म्हणून ही मदतीला चालली होती. गाडी खाली येऊन उभी होती. अशा घाईतही बाईने पलंग लावला, पांघरुणं घडी करून पायाशी ठेवली आणि बॅग उचलली. तेवढ्यात मास्तर दात घासून खोलीत आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"हे काय?"

"काय?"

"उशीचं तोंड."

"उशीला तोंड असतं?"

"अभ्र्याला असतं. उघडी बाजू. ती दाराकडे आलीय. दारातून आलेल्या माणसाला आतली उशी दिसते."

"दारातून कोण येणार आहे? तुम्हीच ना?"

"मग मला दिसतेच आहे की."

खालून गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मास्तरांनी तोवर उशा खुर्चीवर ठेवल्या होत्या, पांघरुणं उचलली होती आणि चादर ओढून काढली होती. चादरीचे पट्टे भिंतीला समांतर हवेत, बोटभरही तिरके नकोत. कोपऱ्यांना पाकिटासारखी घडी हवी. ती बसली की तिच्यावरून छापखान्यातली गुळगुळीत पट्टी दाबून फिरवायची, कागदाच्या घडीवरून फिरवतात तशी. ही पट्टी मास्तरांच्या उशीखाली कायमची मुक्कामाला होती.

"जरा बघून घे," पट्टी फिरवता फिरवता ते म्हणाले, "म्हणजे पुढच्या वेळी जमेल."

बायको बॅग हातात धरून बघत राहिली. हॉर्न पुन्हा वाजला. चौथा कोपरा अजून व्हायचा होता.

"तुमचं तुम्ही लावा," ती म्हणाली. "मी जाते."

जाते. आपल्याकडे कोपऱ्यावरून दूध आणायला निघालेली बाईसुद्धा 'येते' म्हणते. 'जाते' म्हणायला काहीतरी बिनसावं लागतं. पण मास्तरांचं सगळं लक्ष चौथ्या कोपऱ्यात होतं. त्यांनी "हं" म्हटलं आणि पट्टी फिरवली.

तो शब्द त्यांना टोचला संध्याकाळी. घर रिकामं, स्वयंपाकघर गार, बोलायला कुणी नाही. पलंग सकाळी लावला तसाच्या तसा होता, आणि त्याच्याकडे बघून "बघ, याला म्हणतात घडी" असं सांगायला समोर माणूस नव्हतं. मास्तर खुर्चीत बसून राहिले. गुरुजींचं ते "विचारलंत का कधी" आणि बायकोचं ते "जाते" ही दोन वाक्यं त्यांच्या डोक्यात एकमेकांशेजारी येऊन बसली, आणि काही केल्या उठेनात. आपली बायको रागावून गेली आहे अशी शंका त्यांना आली, आणि त्या शंकेने त्यांचा जीव घाबरा झाला. ती नसली तर हे घर म्हणजे नुसती भांडी आणि फर्निचर, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तिला फोन करून विचारावं, असं मात्र त्यांना सुचलं नाही. त्यांना सुचली ती वेगळीच युक्ती.

त्यांचा पलंग म्हणजे मुळात दोन पलंग होते. संसार मांडला तेव्हा जुन्या सामानाच्या दुकानातून दोघांनी मिळून घेतलेली ती पहिली वस्तू. दोन सुटे पलंग शेजारी ठेवून सुताराने लाकडी पट्ट्यांनी जोडून दिले होते. ते पुन्हा सुटे केले तर? तिचा तिला, माझा मला. तिची चादर वेगळी, माझी वेगळी. तिने हवं तसं लावावं, मी हूं की चूं करणार नाही. ती परत आली की बघेल आणि खूश होईल. मास्तरांना स्वतःच्याच मनाच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं. त्यांनी लगेच सुताराला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुतार हत्यारं घेऊन आला.

"दोघांचं वेगळं करायचं," मास्तर म्हणाले.

सुताराने पिशवी खाली ठेवली. "साहेब, वहिनींशी बोललात का एकदा?"

"तिला आल्यावर कळेल. तिच्या पाठीमागे झालेलं बरं."

"मोठ्या माणसांनी जरा दमानं घ्यावं, साहेब."

"दमानं काय घ्यायचं? उद्या मला कामाला जायचंय."

सुतार एक सुस्कारा टाकून कामाला लागला. पट्ट्या निघाल्या, पलंग सुटे झाले. पण जुनं लाकूड ते. बायकोच्या बाजूच्या पलंगाची एक फळी तडकली, म्हणून तो खोलून व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवावा लागला. मास्तरांच्या पलंगाचा एक पाय निखळला.

"हा पाय नुसता सरस लावून टेकवलाय," जाताना सुतार म्हणाला. "सोमवारी येऊन खिळे मारतो. तोवर यावर कुणी बसू नका."

"आमच्याकडे दिवसा पलंगावर कुणी बसतच नाही," मास्तर अभिमानाने म्हणाले.

पलंगाखाली बायकोचे गरम कपडे आणि ठेवणीतल्या साड्या होत्या. त्या धुळीत पडायला नकोत म्हणून मास्तरांनी दोन बॅगांत नीट भरल्या आणि बाहेरच्या दाराशी ठेवल्या. मग डबल पलंगाची जुनी चादर दुमडून, कोपऱ्यांना पाकिटासारख्या घड्या घालून त्या टेकू दिलेल्या पलंगावर घातली, तरी ती चारी बाजूंनी लोंबायला लागली. ते दृश्य मास्तरांना बघवेना. गादीघरवाल्याला फोन करून त्यांनी नव्या चादरी हव्यात असं सांगून ठेवलं आणि स्वतः बाहेरच्या खोलीत पथारी टाकली.

शनिवारी सकाळी ते बूट घालत असताना गादीघरवाल्याचा मेसेज आला. "साहेब, नेहमीसारखी डबलचीच देऊ ना? सोमवारी घरी दाखवायला आणतो." मास्तरांनी तो वाचला, एका पायात बूट चढवला आणि उत्तर द्यायला 'गादीघर'वर बोट नेलं. नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या नात्यागोत्याच्या 'गोतावळा' नावाच्या ग्रुपवर कुणीतरी गुलाबाचं फूल टाकून सुप्रभात म्हटलं. गोतावळा टुणकन वर आला, गादीघर खाली गेलं, आणि बोट जिथे होतं तिथेच पडलं. मास्तर लिहायला लागले:

"डबल नको. इतकी वर्षं घडी नीट बसली नाही ती नाहीच. आता दोघांचं वेगळं केलं आहे. हिला अजून माहीत नाही, आल्यावर कळेल. जुनी जागोजागी विरली आहे, ती नकोच. नवीन बघतो आहे. रंग फिका चालेल, पण अंगाने घट्ट हवी. हात लावून पाहिल्याशिवाय घेणार नाही."

चादर हा शब्द त्यांनी लिहिला नाही. लिहायची गरजच काय? विचारणाऱ्याने चादरीचंच विचारलं होतं. त्यांनी मेसेज पाठवला, फोन खिडकीच्या कट्ट्यावर चार्जिंगला लावला आणि दुसरा बूट घालून कामाला गेले. कटिंग मशीनजवळ फोन न्यायला मालकाची बंदीच होती.

मागे फोनचं काय झालं म्हणून सांगू. तो थरथरायला लागला तो थांबेचना. मामेभाऊ, चुलतबहिणी, भाचे, भाचेजावई, ज्यांनी कधी फुलापलीकडे काही पाठवलं नव्हतं ते सगळे जागे झाले. थरथरत थरथरत फोन कट्ट्याच्या कडेला आला, वायरीतून सुटला आणि खाली धुण्याच्या टोपलीत पडला. त्याच्यावर मास्तरांचा पायजमा होता, त्यामुळे पुढचं कुणाला ऐकूही आलं नाही.

शनिवारी छापखाना अर्धा दिवस. मास्तर दुपारी जिना चढून वर आले तर दारात मेहुणा उभा. बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा गाडी शिकवायचा क्लास होता, आणि शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून त्याला कुठेही अपघातच दिसायचा. आज त्याचा चेहरा तसाच झाला होता.

"अरे, तू? ये, ये." मास्तरांनी दार उघडलं.

मेहुण्याने आधी दाराशी ठेवलेल्या बहिणीच्या बॅगा पाहिल्या, मग व्हरांड्यात खोलून ठेवलेला पलंग पाहिला.

"भावजी, म्हणजे हे खरं आहे?"

"तुला कुणी सांगितलं? सुतार बोलला वाटतं," मास्तर हिरमुसले. "आता एक कर, ताईला बोलू नकोस. तिला आल्यावर चांगला धक्का द्यायचा आहे मला."

"धक्का?" मेहुण्याचा उजवा पाय नकळत ब्रेक दाबल्यासारखा पुढे गेला. "किती दिवस होतं हे मनात?"

"दिवस काय विचारतोस? लग्नानंतर दुसऱ्याच सकाळी मी ओळखलं होतं, हिला हे जमायचं नाही. पण म्हटलं, शिकेल हळूहळू. नाही शिकली. मग माझं मी करून घ्यायला लागलो."

"आणि नवीन?" मेहुण्याचा आवाज खोल गेला. "ठरली?"

"छे, बघितलीसुद्धा नाही अजून. सोमवारी तो माणूस घरीच घेऊन येतोय. चार-पाच आणेल, त्यातल्या दोन ठेवीन."

"दोन?"

"दोन लागतातच रे. एकीवर भागत नाही."

"आणि उरलेल्या?"

"त्या तो परत नेतो. माणूस ओळखीचा आहे, कुरकुर करत नाही. हात लावलेल्या चालतात त्याला, धुतलेल्या तेवढ्या चालत नाहीत."

मेहुणा मागे सरकत सरकत आतल्या खोलीत पोचला आणि पलंगावर बसणार, तेवढ्यात मास्तरांनी त्याची कॉलर पकडून त्याला वरच्या वर धरला. "तिथे नको, तिथे नको. खाली बस." मेहुणा जमिनीवर बसला आणि भावजींकडे असा बघत राहिला, की जणू हा माणूस आपण आज पहिल्यांदाच पाहतोय.

इतक्यात अक्का आली. अक्का म्हणजे मास्तरांची मोठी बहीण. त्यांना कडेवर घेऊन वाढवणारी. जिन्यापासूनच तिचा पदर डोळ्यांना होता.

"या वयात रे मेल्या," ती म्हणाली. "या वयात."

"तुलाही कळलं?" मास्तरांना सुताराचा आता खरंच राग आला. "आणि वयाचा काय संबंध, अक्का? उलट या वयातच माणसाने आपली सोय बघावी. रात्री ही कूस बदलते आणि माझी घडी मोडते."

"म्हणून दुसरी?"

"आता तू आलीच आहेस तर सोमवारपर्यंत थांब आणि मला बघून दे. तुझी नजर चांगली आहे. मागची तूच पसंत केली होतीस."

अक्काचा पदर डोळ्यांवरून खाली आला. मास्तरांसाठी ही मुलगी तिनेच पसंत केली होती. गेल्या वेळी चादरही तिनेच पसंत केली होती, पण ते तिच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

"मीच पसंत केली होती," ती सावकाश म्हणाली. "मग काय वाईट निघाली?"

"वाईट नाही गं. पण लवकर रंग उतरला. आणि सुरकुत्या बघ किती."

अक्काने हातातली पर्स उचलून भावाच्या पाठीत घातली. एकदा, मग आणखी एकदा. मास्तर पाठ चोळत मागे सरकले. आपण बहिणीला नेमकं काय लागेल असं बोललो, याचा त्यांना काही केल्या उलगडा होईना.

आणि दारात बायको उभी होती. बहिणीला शेजारणीच्या हवाली करून, मिळेल ती गाडी पकडून ती आली होती. घामाघूम झाली होती, पण चेहरा शांत.

"ताई, तू आत येऊ नकोस," जमिनीवरून मेहुणा म्हणाला.

"का? काय झालं?" बायकोने विचारलं.

"तू वाचलं नाहीस?" अक्काने आपला फोन काढला आणि रडत रडत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "डबल नको. इतकी वर्षं घडी नीट बसली नाही..."

मास्तर ऐकत होते. पहिल्या वाक्याला त्यांना वाटलं, हे कुठेतरी वाचलंय. दुसऱ्याला कळलं, हे आपणच लिहिलंय. "जुनी जागोजागी विरली आहे" येईपर्यंत त्यांच्या कानांत गुणगुण सुरू झाली, आणि "अंगाने घट्ट हवी" म्हणताना अक्काचा आवाज फुटला तेव्हा त्यांनी भिंत धरली. बोलायला तोंड उघडलं, पण आवाज म्हणून बाहेर आला नाही. संपूर्ण गोतावळ्याने हे सकाळपासून वाचलं होतं. आणि हिनेसुद्धा.

"अक्का," बायको म्हणाली, "ते चादरीबद्दल आहे."

"काय?"

"चादर. पलंगावरची. त्यांनी गादीघरवाल्याला लिहिलं असणार."

मास्तरांनी मान हलवली. हलवतच राहिले.

अक्काने मेसेज पुन्हा वाचला, मनातल्या मनात, ओठ हलवत. मेहुण्याने तिच्या खांद्यावरून वाचला. दोघांचेही चेहरे हळूहळू पडले. "पण तुला कसं गं कळलं?" अक्काने विचारलं.

"जागोजागी विरली आहे, असं लिहिलंय ना. माझ्याकडे इतकं निरखून त्यांनी कधी बघितलंय?"

हे ती रागाने म्हणाली नाही. म्हणूनच मास्तरांना ते जास्त लागलं. एवढ्या मोठ्या गैरसमजातून सुटका झाली होती, हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"मग तू धावत कशाला आलीस?" मेहुण्याने विचारलं.

"दोघांचं वेगळं केलं, एवढंच कळेना. चादरीत दोघांचं काय वेगळं करणार? ते बघायला आले." आणि तिने व्हरांड्यात बघितलं. भिंतीला टेकवलेल्या आपल्या अर्ध्या पलंगाजवळ ती गेली. जोडपट्टी निघाली तिथे खिळ्यांची भोकं उरली होती. तिने त्यांवरून बोट फिरवलं. "हे का केलंत?"

"तुझ्यासाठी," मास्तरांना एकदाचा आवाज सापडला. "तू रागावून गेलीस असं वाटलं मला. म्हटलं, तुझा तुला वेगळा करून द्यावा. तू हवा तसा लाव. मी बोलणार नाही."

"हवा तसा?"

"हवा तसा."

"उशीचं तोंड दाराकडे ठेवलं तर?"

"दाराकडे? म्हणजे, ठेव की. पण दाराकडे कशाला ठेवशील?"

अक्काने कपाळाला हात लावला.

"ताई, तू आधी बस," मेहुणा म्हणाला. "किती दमलीस. बस पलंगावर."

"दिवसा पलंगावर बसत नाही आम्ही."

"म्हणजे?"

"घडी मोडते ना. दुपारी पाठ टेकायची झाली तर मी स्वयंपाकघरात चटई टाकते."

"रोज?" अक्काने विचारलं.

"रोज. मागे ताप होता तेव्हासुद्धा तिथेच पडायचे. संध्याकाळी हे यायच्या आत चटई गुंडाळून ठेवायची, की झालं."

दुपारी मास्तर छापखान्यात असत. रोज दुपारी, जेव्हा ते कडेला कड जुळवत होते, तेव्हा त्यांची बायको स्वयंपाकघराच्या फरशीवर झोपत होती, आणि आत इतका देखणा पलंग नुसता लावलेला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी, की नजर कुठे ठेवावी ते कळेना.

"तू कधी बोलली नाहीस मला."

"तुम्ही कधी विचारलंत?"

गुरुजींनी अगदी हेच विचारलं होतं. आणि आपण हसलो होतो.

"पण नीट लावलेला पलंग आवडतो ना तुला?" मास्तरांनी शेवटची आशा धरून विचारलं.

"बघायला आवडतो," बायको म्हणाली. "झोपायला मिळाला तर तेही आवडेल." मग तिचं लक्ष दाराशी ठेवलेल्या बॅगांकडे गेलं. तिने एक उचलून पाहिली. "बरं झालं, कपडे भरून ठेवलेत. बहिणीला अजून महिनाभर तरी उभं राहता यायचं नाही. मलाही जरा बरं वाटेल तिकडे. तिच्याकडे पलंगावर लोळलं तरी कुणी काही म्हणत नाही. जाते मी."

जाते. हे दुसऱ्यांदा. या वेळी मास्तरांनी तो शब्द पूर्ण ऐकला. ही आता महिन्याने येईल की येणारच नाही, हे त्यांना कळेना, आणि विचारायची छाती होईना. ते तसेच वळले, आतल्या खोलीत गेले, आणि दिवसाढवळ्या, खळीचे डाग पडलेल्या कामावरच्या कपड्यांत, धपकन पलंगावर बसले. बसल्या बसल्या त्यांनी चादरीचा कोपरा धरून ओढला. पाकिटासारखी घडी सुटली. दुसरा ओढला.

"बस," ते बायकोला म्हणाले. "तू बस इथे. अक्का, तूही बस. तू काय बघतोस रे, तूही बस."

"भावजी, मघाशी तुम्हीच म्हणालात..."

"मघाचं मघाशी. बस म्हणतो ना."

अक्का बसली. अक्काचं बसणं म्हणजे साधं बसणं नव्हे, पलंग करकरला. मेहुणा नुसता टेकला. बायको दारात उभी होती, दोन्ही हातांत बॅगा. तिने त्या सुटलेल्या कोपऱ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. बॅगा खाली ठेवून ती आली आणि त्यांच्या शेजारी बसली. चादरीवर तळहात ठेवून तिने गादी जराशी दाबून पाहिली, मऊ आहे का म्हणून.

तेवढ्यात कुठेतरी कट्‌ असा आवाज झाला. सुताराने नुसता टेकवलेला पाय त्याच्या मर्जीने बाजूला झाला. पलंग एका कोपऱ्यात बसला, आणि गादी, उशा, मेहुणा, बायको आणि सगळ्यात शेवटी अक्का असे एकामागून एक घसरत मास्तरांच्या अंगावर आले. विरलेली चादर मधोमध टरकन फाटली. मग त्या ढिगातून हसू ऐकू आलं. बायको हसत होती. नवऱ्याच्या डोक्यावर उशी, कानावर चादरीची चिंधी आणि पोटावर अक्का, हे बघून तिला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मास्तरांना श्वास घेता येत नव्हता, पण ते बरं वाटून तसेच पडून राहिले.

पुढची व्यवस्था बायकोनेच केली. गादी ओढून जमिनीवर टाकली, तिच्यावर एक जुनी चादर भिरकावली, उशा फेकल्या आणि भर दुपारी तिथे आडवी झाली. कोपरे नाहीत, पट्टे तिरके, एका बाजूला चादर कमी तर दुसऱ्या बाजूला जास्त. मास्तर शेजारी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. बायकोला लगेच झोप लागली. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नीट, निरखून. कानामागचे केस पांढरे झाले होते. हनुवटीखाली एक जुना व्रण होता, तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

अक्काने तेवढ्यात गोतावळ्यावर लिहून टाकलं, "काळजी करू नका. चादर होती." त्यावर लगेच एका भाच्याने विचारलं, "चादर हे आडनाव आहे का? कुठल्या गावच्या?" मग अक्काने फोनच बंद केला.

संध्याकाळी बायकोला बहिणीकडे परतायलाच हवं होतं. मेहुणा गाडीने सोडणार होता, अक्कालाही वाटेत उतरवणार होता. साड्यांची बॅग तिने मागेच ठेवली, गरम कपड्यांची तेवढी घेतली.

"सुताराला सांगा, पहिल्यासारखा जोडून दे म्हणून," ती म्हणाली.

"सोमवारीच सांगतो."

"आणि जमिनीवरचं अंथरूण असू द्या तसंच. झोपाल त्यावर?"

"झोपेन की. हातसुद्धा लावणार नाही."

तिने चप्पल घातली, दारात वळली आणि म्हणाली, "येते."

येते. मास्तरांना इतका आनंद झाला की "हो, ये, ये" असं ते तीनदा म्हणाले. दार लोटलं गेलं. जिन्यावरून पावलं खाली गेली. मास्तर समाधानाने आत आले आणि त्यांची नजर अंथरुणावर पडली. उशीचं तोंड दाराकडे होतं. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी पंखा लावला, पाणी प्यायलं, टोपलीतून फोन शोधून काढला आणि न बघताच पुन्हा ठेवला. उशीचं तोंड दाराकडेच होतं, आणि आतली उशी दिसत होती. फक्त उशी, त्यांनी स्वतःला बजावलं. चादरीला हात लावायचा नाही. कोपऱ्यांना तर नाहीच. ते वाकले आणि दोन बोटांनी अलगद उशी फिरवली.

दार उघडलं. बायको चष्मा विसरली होती.

"काय करताय?"

मास्तर वाकलेलेच राहिले. "तू? तू परत कशी आलीस?"

"येते म्हणाले होते ना," ती म्हणाली. "आले."

मास्तरांनी मुकाट्याने उशीचं तोंड पुन्हा दाराकडे केलं आणि स्वतःचं बंद ठेवलं.